शंभर, दोनशे, तीनशे

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, आणि आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी वाचून मी हसत आलोय. कोणाला घाटात बाई लिफ्ट मागते, कोणाला रिकाम्या खोलीत पैंजण ऐकू येतात... अहो, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा, असं मनातल्या मनात म्हणायचो. माझी नोकरीच तशी होती. म्हैसूरजवळ नंजनगूडच्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी डिपार्टमेंटला. सॅम्पल घ्या, टेस्ट करा, पास नाहीतर फेल. तिसरा रकाना आमच्याकडे नव्हताच.

आता मात्र लिहायला बसलोय. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आम्ही म्हैसूरचेच. पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणे. तलवार-बिलवार काही उरली नाही, आडनाव उरलं आणि भाषा उरली. बाहेर कन्नड, कारखान्यात कन्नड-इंग्लिश, घरात मराठी... तीही अशी, मध्ये मध्ये कन्नड घुसलेली. चुलत भावाची सून पुण्याची आहे. ती म्हणते, "काका, तुमचं मराठी ऐकायला किती गोड वाटतं!" म्हणजे चुकीचं आहे, एवढं मला कळतं. तिनेच हा ग्रुप दाखवला, म्हणाली तेवढाच वेळ जाईल. हे लिहिलेलंही तिनेच तपासून दिलंय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या तक्रारी तिच्याकडे करा.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. तिचं जमलं नाही, माझं मी जमू दिलं नाही, आणि मग ते तसंच राहून गेलं. ती प्रायमरी शाळेत टीचर होती. म्हैसुरातच, विजयनगर भागात आमचं छोटं घर आहे, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. रोज भांडायचो. भाजीत मीठ, पेपरची घडी, फॅनचा स्पीड, कशावरूनही. आणि अक्का रागावली की ओरडायची नाही, अबोला धरायची. तिने केलेलं काम कोणी तपासलेलं तिला अजिबात खपायचं नाही. मी मेला क्वालिटीवाला, गॅस बंद आहे का म्हणून तिच्या मागून जाऊन बघायचो, की झालाच अबोला सुरू! मग मी नंजनगूडहून येताना रसबाळे केळी आणायचो. तिथली खास केळी ती, पातळ सालीची, वासाची. काही न बोलता ओट्यावर ठेवायचो. ती एक सोलून खायची आणि म्हणायची, "स्वल्प कच्ची आहेत." संपला अबोला.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेली. आजारपण फार नव्हतं, त्यामुळे तयारीही नव्हती.

त्यानंतर मला सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही. टीव्ही आहे, फोन आहे, पण "रघू, दार लाव रे" असं म्हणणारं कोणी नाही. कपडे वाळत घालताना मी एकटाच मोठ्यानं बोलायला लागलो. शेजारचे बघायचे. बघू देत की!

आता मुद्द्याचं. आमच्या घराच्या एका बाजूला रिकामी साइट आहे, तुम्ही प्लॉट म्हणता तो. मालक अमेरिकेत, आणि साइटवर पुरुषभर गाजरगवत. मला त्याची भयंकर ऍलर्जी. फुलं आली की शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक टोमॅटो. आणि शिंकांवरून आमच्या घरात एक पद्धत होती. आईचं माहेर तंजावरकडचं. तिकडे कोणी शिंकलं की तमिळ लोक शंभर म्हणतात, म्हणजे शंभर वर्षं जग. दुसरी शिंक आली की दोनशे. आईने ते मराठीत आणलं आणि आईनंतर अक्काने चालू ठेवलं. मी व्हरांड्यात शिंकलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "शंभर." पुन्हा शिंक, "दोनशे." मग "तीनशे." चौथी आली की ती म्हणायची, "पुरे रे! एवढं जगून कुणाचं भलं करणार आहेस?" आणि हसायची. लहानपणापासून हेच. कंटाळा यायचा मला त्याचा, खरं सांगतो.

गेल्या वर्षी पावसानंतर गवत फार माजलं. मी मेडिकलमधून गोळी आणली, ती जुनी, पिवळी, छोटी. डॉक्टरला विचारलं नाही. सर्दीची गोळी घ्यायला डॉक्टर कशाला, असा आमचा खाक्या. जेवून एक घेतली आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने डोळ्यांवर झापड आली, तोंडाला कोरड पडली. तेवढ्यात गोळीला न जुमानता एक शिंक आलीच.

"शंभर."

मी सवयीने "हूं" म्हटलं. पुन्हा शिंकलो.

"दोनशे."

आता मात्र मी ताठ बसलो. दुपारचं लख्ख ऊन, समोर रस्त्यावर फुलवाली ओरडत चाललेली. तिसरी शिंक दाबायला गेलो, दबली नाही. "तीनशे." चौथी आली. "पुरे रे! एवढं जगून कुणाचं भलं करणार आहेस?" आणि ते हसू. नाकातून सुरू होऊन तोंडात येणारं, अक्काचंच.

स्वयंपाकघरात गेलो. कोणी नाही. मीच अर्धा चिरून ठेवलेला दुधी ओट्यावर. नळ बंद, मागचं दार आतून बंद. मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही हो. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी घेतली, पुन्हा तेच. गोळी नाही घेतली तर नुसत्या शिंका, आवाज नाही. मला काय, पॅटर्न लगेच कळला! मग एकाच्या दोन गोळ्या झाल्या. एक नाकासाठी, एक अक्कासाठी. शिंक आली नाही तर मुद्दाम सतरंजी झटकायचो. दिवसभर डोकं जड, पेपरातली अक्षरं पुसट, स्कूटर काढायची भीती वाटायची म्हणून भाजीलाही चालत जायचो. पण दुपार झाली की मी तयार. तिला सगळं सांगायचो. पेन्शनचं काम अडलंय, गिरणीवाल्याने गहू जाड दळला, अमक्याच्या मुलीचं ठरलं. ती उत्तर द्यायची नाही. फक्त मोजायची आणि शेवटी हसायची. मला तेवढं पुरत होतं. किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

पण जित्याची खोड ना... क्वालिटीवाला गप्प बसेना. बॅच पास करायची तर टेस्ट पाहिजे. एक दिवस शिंका झाल्या, हसू झालं, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "अक्का, तूच आहेस कशावरून? कपाटाची छोटी किल्ली तू कुठे ठेवलीस ते मला अजून सापडलेलं नाही. सांग बघू, म्हणजे पटेल."

काही उत्तर नाही. पुन्हा शिंकलो. त्यालाही काही नाही.

त्या दिवसापासून आवाज बंद. गोळ्या घेऊनही बंद. मी वेड्यासारखा अजून गोळ्या घेतल्या. किती, ते लिहीत नाही, भाचे-पुतणे वाचतात. झालं काय, की लघवीच बंद झाली! पोट फुगलं, बसवेना, उभं राहवेना. सकाळी रिक्षा थांबवून एकटाच हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरची मुलगी विचारते, "बरोबर कोण आलंय सर?" मी म्हटलं, कोणी नाही. तिने पुन्हा विचारलं, "घरून कोणी येणार आहे का?" इतक्या वेदनेतही तो प्रश्न मला जास्त लागला.

नळी घालून मोकळं केल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी मला झापलं. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण मुद्देसूद. "सर, तुमचं प्रोस्टेट मोठं आहे. ही जुनी गोळी तुमच्या वयाला चालत नाही. लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, तोल जातो, गोंधळ होतो. आणि तुम्ही तर मूठभर घेत होतात!"

मी विचारलं, "आवाज ऐकू येतात का हिच्याने?"

त्यांनी विचारलं, "कोणाचा आवाज?"

सांगितलं. सगळं नाही, थोडं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, हे मात्र मानलं पाहिजे. म्हणाल्या, "वय झालेल्यांना या गोळीने भास होऊ शकतात. किंवा गुंगीत तुम्हीच बोलत असाल आणि तुम्हालाच ते ऐकू येत असेल. एकटे राहता ना?" मग गुंगी न आणणारी नवी गोळी लिहून दिली, आणि जुनी पुन्हा हातात धरायची नाही असा दम भरला.

घरी आलो. म्हणजे रिपोर्ट आला म्हणायचा. अक्का म्हणजे साइड इफेक्ट. भूक लागत नाही, तोंड कोरडं पडतं, आणि मेलेली बहीण मोजते. मला पटलं हो. आयुष्यभर मी अशाच रिपोर्टवर सही केली होती. पण पहिल्या वेळी ती गेली तेव्हा लोक आले होते, डबे आले होते, फोन आले होते. या दुसऱ्या वेळी कोणाला सांगणार? त्या आठवड्यात मी कोणाशीही बोललो नाही. दूधवाल्याशीही नाही, पिशवी टांगून ठेवायचो.

दुसऱ्या बाजूच्या घरात नवं जोडपं राहायला आलं होतं. हासनकडचं. अक्का गेल्यानंतर आलेले, त्यामुळे त्यांना आमचं काही ठाऊक नाही, आणि मी सांगायला गेलो नाही. उलट आमच्या शेवग्याची पानं त्यांच्या अंगणात पडतात म्हणून पहिल्याच महिन्यात बाचाबाची झालेली. नवरा हेब्बाळच्या इंडस्ट्रियल एरियात नोकरीला, सकाळी कंपनीच्या बसने जातो तो अंधार पडल्यावर येतो. बायको घरी एकटी. सविता तिचं नाव. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या स्वयंपाकघरासमोर उघडते, मध्ये एक माणूस जाईल एवढीच बोळ.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास मी त्या बोळात नारळाच्या झावळ्या रचत होतो. धुळीने शिंका सुटल्या, चांगल्या सणसणीत. नवी गोळी घेतलेली होती तरी. खिडकीतून सविता कन्नडमध्ये म्हणाली, "अंकल, ऊटा आय्ता?" आता अकरा वाजता कसलं जेवण, पण इथे बोलणं असंच सुरू होतं. मी मान हलवली. मग ती म्हणाली, "आंटी ऊरिगे होगिद्दारा?"

म्हणजे, आंटी गावाला गेल्यात का?

मी म्हटलं, "कोण आंटी?"

"तुमच्या घरातल्या हो. तुम्ही शिंकलात की त्या आतून काहीतरी म्हणतात ना? रोज ऐकायचे मी इथून. हल्ली बरेच दिवस आवाजच नाही. आताही तुम्ही इतके शिंकलात, पण त्या गप्पच. बरं नाही का त्यांना?"

माझ्या हातातली झावळी तशीच राहिली. मी तिला विचारलं, "त्या म्हणजे... बाईचाच आवाज? माझा नाही?"

ती खळखळून हसली. "तुमचा आवाज कुठे, त्यांचा कुठे अंकल! तुमचा तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो."

खरं काय ते सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "हो. गावाला गेल्यात." "यावाग येणार?" तिने विचारलं, म्हणजे कधी. मी म्हटलं, बघू या.

आत येऊन खुर्चीत बसलो. गोळीने मला भास झाला, मान्य. मी गुंगीत बडबडलो, तेही मान्य. पण माझी गोळी खिडकीपलीकडच्या बाईला कशी चढेल? आणि मग डोक्यात दुसरीच गोष्ट आली. आवाज गोळी बंद केल्यावर थांबला नव्हता. गोळ्या चालू असतानाच थांबला होता. मी "तूच कशावरून" विचारलं, त्या क्षणाला! अहो, मी तिला तपासली होती. मागून जाऊन गॅस बघावा तशी. अक्काने अबोला धरला होता.

तुम्हाला हसू येईल, पण दुसऱ्या दिवशी मी ट्रेनने नंजनगूडला गेलो. रसबाळे हल्ली मिळत नाहीत पूर्वीसारखी. बाजारात जो तो दुसरीच केळी दाखवायचा. शेवटी देवळाच्या रस्त्यावर एका बाईकडे अर्धी फणी मिळाली. मांडीवर घेऊन घरी आणली. काही न बोलता ओट्यावर ठेवली, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. "नको तपासायला, नको काही विचारायला," असं स्वतःला बजावत राहिलो.

शिंक काही येईना. एरवी नको तेव्हा येते! मग उठून साइटवरचं गाजरगवत तोडून आणलं आणि चक्क नाकाशी धरलं. डॉक्टरबाईंनी पाहिलं असतं तर हॉस्पिटलातच ठेवून घेतलं असतं.

एक शिंक. कान टवकारले. काही नाही. दुसरी. तिसरी. चौथी. घर गप्प. फ्रिजचा घूं घूं आवाज तेवढा येत होता. मी पूर्ण शुद्धीवर होतो, ओठ मिटलेले, डोळे सताड उघडे, आणि मला काहीही ऐकू आलं नाही. इतकं एकटं मला अक्काला स्मशानात नेलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं. उठलो, ओट्यावरची केळी उचलून फ्रिजमध्ये टाकावीत म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

खिडकीत सविता उभी. हातात लाटणं, चेहरा फुललेला.

"अंकल! आंटी बंद्रा?"

आंटी आल्या का, असं विचारत होती.

मी खिडकीशी गेलो. "तू... ऐकलंस?"

"आत्ताच की! शंबर, दोनशे, तीनशे... मग काहीतरी लांब बोलल्या आणि हसल्या. किती छान हसतात हो! म्हणजे काय ते शंबर?" या मुलीला मराठीचा एक शब्द येत नाही. तिने ते शब्द जसेच्या तसे, 'शंभर'मधला भ तेवढा चुकवून म्हटले. मी अर्थ सांगितला. "अय्यो अंकल, मग शिंका की भरपूर!" म्हणाली. मी अर्ध्यातली अर्धी केळी तिला खिडकीतून दिली. तिने तिथेच एक सोलून खाल्लं आणि म्हणाली, छान आहे, पण जरा कच्चं आहे.

तेव्हापासून हे असंच चाललंय. अक्का मोजते, असं सविता सांगते. मला ऐकू येत नाही. जुन्या गोळ्यांच्या पाकिटात काही गोळ्या शिल्लक आहेत, खणात पुढेच ठेवल्यात. हात जातो, खोटं कशाला बोलू? एका दुपारपुरतं ते हसू ऐकायला मिळालं तर मी नळीसुद्धा घालून घेईन, असं वाटतं. मग काउंटरवरची ती मुलगी आठवते, "बरोबर कोण आलंय?" आणि खण बंद करतो. गोळी घेतली तरी ऐकू येईल याची खात्री काय? आणि नाहीच आलं तर? ती टेस्ट मला करायची नाहीये.

एक मात्र मनाला खातं. सविता दोनतीनदा म्हणाली, "एकदा येते हो आंटींना भेटायला." पुढच्या खोलीत, दारातून शिरताच समोरच्या भिंतीवर अक्काचा फोटो आहे, हार घातलेला. ती पोरगी आत आली, तिने तो पाहिला, की सगळं संपलं. घाबरेल, घर बदलेल, निदान ती खिडकी तरी बंद करेल. मग मला कोण सांगणार? म्हणून मी म्हणतो, अक्काला माणसांत मिसळायला आवडत नाही. फोटो काढून ठेवावा म्हटलं तर हात उचलत नाही. या विजयनगरात माझ्याशी रोज बोलणारं हे एकच माणूस, आणि तिला मी घरात ये म्हणू शकत नाही.

यावर स्पष्टीकरण द्या म्हणाल तर माझ्याकडे नाही. क्वालिटीवाल्या माणसाने हे लिहावं म्हणजे काय, ते तुम्हीच ओळखा. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर असेल, फार्मसीवालं असेल, तर सांगा. पण कृपा करून "काका, एकटेपणामुळे होतं" असं लिहू नका. ते मला माहीत आहे.

परवा दुपारी स्वयंपाकघरात फोडणी घालताना मिरचीचा ठसका लागला आणि शिंका सुटल्या. समोर खिडकीत सविता फोनवर बोलत होती. मी शिंकलो की तिच्याकडे बघतो, हे तिला आता माहीत झालंय. फोन कानाला तसाच ठेवून तिने मला एक बोट दाखवलं. मग दोन. मग तीन. मग हात हलवून 'पुरे' अशी खूण केली आणि हसली.

मीही हसलो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.